संगणक किती खातो, किती राबतो?



अहिल्यानगरहून (आमच्या तोंडी अजून नगरच बसलेले आहे) पाथर्डीच्या रस्त्याला लागून करंजीचा घाट ओलांडला, की थोड्याच वेळात तिसगाव येते. तिथल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणारे माझे एक स्नेही आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "सर, पुण्याच्या एका कार्यालयातून जुने संगणक शाळेला मिळताहेत. चार जातींचे आहेत. त्यांतून दहा निवडायचेत. तुम्ही एकदा येऊन बघून जा."

मी गेलो. शाळेच्या संगणक कक्षात आधीचे काही संगणक होते. पेंटियम ४ जातीचे, वीस वर्षांपूर्वीचे. भिंतीशी एक इन्व्हर्टर आणि त्याखाली १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी. आम्ही बोलत होतो तेवढ्यात वीज गेली. दहावीची एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत बसली होती. इन्व्हर्टरने दोनचार वेळा कण्हल्यासारखा आवाज केला आणि एकाएकी सगळे पडदे काळे झाले. अर्धा अर्ज गेला. ती काही बोलली नाही, वही मिटून उठली. तिचे आईवडील ऊसतोडीला गेलेले होते. दुसऱ्या दिवशी तो अर्ज भरायला तिला परत चार किलोमीटर चालत यायचे होते, हे सरांनी मला नंतर सांगितले.

तेव्हा आमच्यापुढचा प्रश्न 'सर्वांत वेगवान संगणक कोणता' हा नव्हताच. वीज गेल्यावर एका बॅटरीवर दहा मुलांचा तास पुरा करून देईल, आणि तरीही विज्ञानाची चित्रफीत न अडखळता दाखवील, असा संगणक कोणता, हा होता. तिसगावजवळ मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो. तिथे जनावर नुसते दिसायला कसे आहे एवढ्यावर सौदा होत नाही. ओझे किती वाहील आणि खाईल किती, दोन्ही पाहिले जाते. आज आपण संगणकाचा तसाच सौदा करू या.

संगणकाचे मुख्य काम करणारी सिलिकॉनची चकती म्हणजे प्रोसेसर. पडद्यावर अक्षरे, चित्रे, हलती दृश्ये उमटवण्यासाठी लागणारी गणिते करणारा भाग म्हणजे ग्राफिक्स. आपण त्याला चित्रभाग म्हणू. खेळ किंवा चित्रपटाचे काम करणाऱ्या मोठ्या संगणकांत चित्रभागाचे वेगळे कार्ड असते आणि त्याची स्वतःची वेगळी स्मृतीही असते. साध्या संगणकात मात्र तो अंगभूत असतो. पूर्वी तो प्रोसेसरच्या शेजारच्या चकतीत असे. पुढे तो प्रोसेसरच्याच चकतीत आला. हा बदल वाटतो त्याहून फार महत्त्वाचा आहे. तो मला कसा कळला याची एक फजितीची गोष्ट सांगतो.

साधारण २००९ साली मी घरी एक छोटा संगणक घेतला. दुकानदार म्हणाला, "सर, प्रोसेसर फक्त चार वॅटचा आहे. रात्रीच्या दिव्याएवढीसुद्धा वीज लागणार नाही." तो खोटे बोलत नव्हता. इंटेल कंपनीने २००८ साली आणलेल्या ॲटम २३० या प्रोसेसरवर ४ वॅट हाच आकडा होता. मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. पण चार वॅट ऐकून तेवढ्यावरच भुललो. घरी येऊन डबा उघडला, तर आत एक चमत्कारिक दृश्य. प्रोसेसरवर पंख्याविना एक लहानशी धातूची पट्टी, आणि शेजारच्या चकतीवर चांगला गरगर फिरणारा पंखा! मुख्य गडी थंड, आणि मदतनीस घामाघूम.

कारण साधे होते. ती शेजारची चकती, ९४५जीसी, जुन्या पिढीची होती. चित्रभाग आणि स्मृतीशी व्यवहार करणारी यंत्रणा तिच्यात होती आणि तिचा आकडा होता २२.२ वॅट. तबकडी, यूएसबी वगैरे सांभाळणारी तिसरी चकती आणखी ३.३ वॅटची. बेरीज करा: ४ + २२.२ + ३.३ = २९.५ वॅट. दुकानदाराने मला साडेएकोणतीसमधले चारच सांगितले होते.

२०१० च्या सुरुवातीला त्याच घराण्यातला ॲटम डी५१० आला. त्यात चित्रभाग आणि स्मृतीची यंत्रणा प्रोसेसरच्याच चकतीत घेतली होती. आकडा १३ वॅट, आणि जोडीच्या चकतीचा २.१ वॅट. एकूण १५.१. म्हणजे प्रोसेसरचा आकडा ४ वरून १३ वर चढला आणि सगळ्यांचा मिळून खर्च निम्म्यावर आला! शिवाय आत एकाऐवजी दोन गाभे, म्हणजे काम करणारे दोन गडी. नुसता प्रोसेसरचा आकडा पाहणाऱ्याने हा संगणक 'जास्त खादाड' म्हणून बाजूला ठेवला असता.

आता हे आकडे म्हणजे नक्की काय, ते पाहू. प्रोसेसरच्या माहितीपत्रकावर जो वॅटचा आकडा असतो, तो तो नेहमी किती वीज घेतो हे सांगत नाही. जोराचे काम चालू असताना एवढी उष्णता बाहेर वाहून नेण्याची सोय करा, अशी ती संगणक बांधणाऱ्याला दिलेली सूचना असते. लग्नाच्या मांडवात पाचशे पाने वाढण्याची सोय केली, म्हणून रोज घरात पाचशे माणसे जेवत नाहीत. संगणकाचा रोजचा खर्च त्या आकड्याहून कमी असू शकतो, आणि प्रोसेसरबाहेरच्या भागांमुळे जास्तही असू शकतो. हे लक्षात ठेवूनच शाळेपुढचे चार प्रकार पाहू.

पहिला हाच ॲटम डी५१०: दोन गाभे, १.६६ गिगाहर्ट्झ, १३ वॅट. दुसरा एएमडी कंपनीचा ई-३५०, २०११ सालचा: दोन गाभे, १.६ गिगाहर्ट्झ, १८ वॅट. तिसरा इंटेलचा सेलेरॉन जे१९००, २०१३ च्या अखेरचा: चार गाभे, २ गिगाहर्ट्झ, गरजेला २.४२ पर्यंत चढणारा, १० वॅट. चौथा एएमडीचा ॲथलॉन ५३५०, एप्रिल २०१४ चा: चार गाभे, २.०५ गिगाहर्ट्झ, २५ वॅट. चारही आज जुने आहेत आणि चारांतही चित्रभाग अंगभूत आहे. तुलनेसाठी शाळेतला पेंटियम ४ घ्या: ३ गिगाहर्ट्झ, एकच गाभा, आणि आकडा ८० वॅटच्याही वर.

गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके. मग ३ गिगाहर्ट्झचा पेंटियम २ गिगाहर्ट्झच्या सेलेरॉनपेक्षा दीडपट काम करत असेल, असे कुणालाही वाटेल. शाळेतल्या सरांनाही तसेच वाटत होते. पण एका ठोक्यात काम किती उरकते, हे ठोके मोजून कळत नाही. याचे उत्तम उदाहरण आपल्या चारांतच आहे. डी५१० चे ठोके ई-३५० पेक्षा किंचित जास्तच आहेत. तरी दर ठोक्याला ई-३५० अधिक काम उरकतो. असे का व्हावे?

रेशनच्या दुकानापुढची रांग डोळ्यांसमोर आणा. पुढच्या माणसाने कार्ड घरी विसरले आणि मुलाला ते आणायला पिटाळले. दुकानदार नियमाचा पक्का असेल, तर ते कार्ड येईपर्यंत सारी रांग थांबेल. दुसरा दुकानदार म्हणेल, "तुम्ही जरा बाजूला व्हा, तोवर मी मागच्यांना धान्य देतो." डी५१० हा पहिल्या प्रकारचा दुकानदार आहे. एखादी संख्या स्मृतीतून यायला वेळ लागला, की त्या रांगेतल्या मागच्या सूचनाही थांबतात. (त्याच्याकडे प्रत्येक गाभ्यापुढे दोन रांगा लावण्याची युक्ती आहे, म्हणून तो अगदीच रिकामा बसत नाही.) ई-३५०, जे१९०० आणि ॲथलॉन हे दुसऱ्या प्रकारचे. ज्या सूचनांची सामग्री हाताशी आहे, त्या ते आधी उरकून घेतात. यासाठी चकतीवर जादा मंडले लागतात आणि ती वीज खातात; पण रिकामे ठोके वाचतात.

दुसरा मुद्दा खास आपल्या विषयाचा, भौतिकशास्त्राचा. प्रोसेसरमधील प्रत्येक ट्रान्झिस्टर आणि त्याला जोडणारी तार एका अतिसूक्ष्म धारित्रासारखी वागते. प्रत्येक बदलाला ते भरायचे आणि रिकामे करायचे. त्यात खर्च होणारी शक्ती सुमारे अशी:

शक्ती = धारिता × विभवांतराचा वर्ग × वारंवारता

यातला 'वर्ग' हा शब्द नीट पाहा. समजा, एका प्रोसेसरची वारंवारता आपण निम्मी केली. ठोके सावकाश झाले, म्हणून कमी विभवांतरावरही काम भागते, समजा, १.२ व्होल्टऐवजी ०.९ व्होल्ट पुरले. ०.९ भागिले १.२ म्हणजे ०.७५, त्याचा वर्ग सुमारे ०.५६, आणि वारंवारता निम्मी म्हणून त्याचे निम्मे, ०.२८. म्हणजे वेग अर्धा झाला, पण शक्ती पावभागाहून थोडीशीच जास्त उरली. मग असे दोन गाभे शेजारी ठेवले, तर मूळ वेगाएवढे काम ०.५६ इतक्या शक्तीत होते. अर्थात काम दोघांत वाटता येण्यासारखे असेल तर. एका धिप्पाड पेंटियमच्या जागी चार शांत गाभे आले, त्यामागचे हे एक मुख्य कारण. ट्रान्झिस्टर लहान होत गेले याचाही वाटा मोठा आहे: डी५१० ४५ नॅनोमीटरच्या तंत्राने घडवलेला, जे१९०० २२ नॅनोमीटरच्या. काही वीज मात्र ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपत राहते. ती या सूत्रात येत नाही.

आता चित्रभागाकडे वळू, कारण निवड खरी इथेच अडते.

चित्रभाग म्हणजे एकसारखी गणिते एकाच वेळी करणाऱ्या पुष्कळ छोट्या एककांचा ताफा. ॲथलॉन ५३५० मध्ये अशी १२८ एकके आहेत, त्यांचे ठोके सेकंदाला ६० कोटी, आणि प्रत्येक एकक दर ठोक्याला एक गुणाकार व एक बेरीज अशी दोन कामे करते. १२८ × २ × ६० कोटी = १५,३६० कोटी क्रिया, दर सेकंदाला. ई-३५० मध्ये एकके ८० आणि ठोके ४९.२ कोटी, गुणाकार तुम्ही करा, ७,८७२ कोटी येतील. जे१९०० ची रचना वेगळी आहे: चार मोठी एकके, प्रत्येकी दर ठोक्याला १६ क्रिया, ठोके जास्तीत जास्त ८५.४ कोटी. गुणाकार सुमारे ५,४६६ कोटी.

म्हणजे चित्रांच्या कामात ॲथलॉन जे१९०० च्या जवळजवळ तिप्पट. पण तो २५ वॅटचा आहे ना? मग दर वॅटमागे हिशोब करा. ॲथलॉन ६१४ कोटी, जे१९०० ५४७ कोटी, ई-३५० ४३७ कोटी. 'खादाड' ॲथलॉन इथे पहिला आला! वॅट जास्त म्हणजे उधळपट्टी, असा अर्थ होत नाही. जास्त खाऊन त्याहून जास्त राबणाराही असतो.

मात्र थांबा. या क्रियांना लागणाऱ्या संख्या कुठून येतात? वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची स्मृती असते. अंगभूत चित्रभागाला प्रोसेसरच्याच स्मृतीत वाटा मागावा लागतो. ही स्मृती एका वाटेने दर खेपेला ८ बाइट देते. ॲथलॉनला अशी एकच वाट आहे आणि तिच्यावर सेकंदाला १६० कोटी खेपा होतात. म्हणून १,२८० कोटी बाइट. जे१९०० ला वाटा दोन, प्रत्येकीवर सुमारे १३३ कोटी खेपा. मिळून २,१३३ कोटी बाइट. ई-३५० ला ८५३ कोटी, आणि डी५१० ला, स्मृती ६६७ जातीची असेल तर, ५३३ कोटी. ॲथलॉनचा चित्रभाग बलवान, पण त्याच्या विहिरीवर मोट एकच. दर बाइटमागे बारा क्रिया करता येण्यासारखे काम मिळाले, तरच त्याचे सगळे बळ उपयोगी पडेल. जे१९०० ला अडीच-पावणेतीन क्रियांचे काम मिळाले तरी पुरते. म्हणून प्रत्यक्षात दोघांतले अंतर कागदावरच्या तिपटीपेक्षा कमी होऊ शकते.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. जे१९०० च्या दोन वाटा तेव्हाच चालू होतात, जेव्हा स्मृतीच्या दोन पट्ट्या बसवलेल्या असतात. शाळेत आलेल्या डब्यांपैकी बऱ्याच डब्यांत चार गिगाबाइटची एकच पट्टी होती. तिथे दुसरी खाच रिकामी, म्हणजे अर्धी वाट बंद. काही संगणकांतून पट्ट्या काढून आम्ही त्या जोडीजोडीने लावल्या. शिपाई मामांनी, पट्टीचे टोक रबराने पुसून बसवले की संगणक लगेच जागा होतो, हे आम्हाला दाखवले. हे कुठल्याही पुस्तकात मी वाचले नव्हते.

आणि चित्रफीत? इथे नुसत्या ताकदीचा प्रश्नच नसतो. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे एक चित्र म्हणजे २०,७३,६०० ठिपके. सेकंदाला २५ चित्रे, प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट. म्हणजे सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट. एवढी सामग्री तबकडीत साठवणे परवडत नाही. म्हणून ती आवळून ठेवतात. सेकंदाला पाच लाख बाइट ही चांगल्या चित्रफितीची सामान्य मर्यादा समजा. तीनशे मण कापूस दाबून एक मणाची गाठ करावी, तसा हा प्रकार. दाखवताना ती गाठ दर क्षणी सोडवावी लागते.

ही गाठ दोन तऱ्हांनी सुटते. एक, प्रोसेसरच्या गाभ्यांनी सूचना वाचून, एकेक पायरी करत सोडवायची. दुसरी, त्याच कामासाठी चकतीवर कोरलेल्या खास मंडलाने. कडबा विळ्याने तोडायचा की कडबाकुट्टीत घालायचा, एवढा फरक. खास मंडलाला दुसरे काहीच येत नाही. पण जे येते ते फार थोड्या विजेत करते. एच.२६४ या प्रचलित पद्धतीने आवळलेल्या फितीसाठी असे मंडल ई-३५०, जे१९०० आणि ॲथलॉन या तिघांत आहे. डी५१० मध्ये नाही. तिथे जुन्या डीव्हीडीच्या पद्धतीपुरतीच मदत मिळते. म्हणून सुस्पष्ट चित्रफीत लावली, की डी५१० चे दोन्ही गाभे धापा टाकू लागतात आणि चित्र अडखळते. तीच फीत ई-३५० वर सुरळीत चालते, जरी त्याचे ठोके कमी आहेत.

उलट, इंटरनेटवरच्या पुष्कळ चित्रफिती आता व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींनी येतात. त्यांची कडबाकुट्टी या चारांपैकी एकाकडेही नाही. चौघांनाही विळा हाती घ्यावा लागतो. यास्तव शिक्षकांना माझी सूचना अशी: धड्याच्या फिती एच.२६४ पद्धतीत मिळवून शाळेच्या तबकडीत ठेवाव्यात, आणि खास मंडलाचा उपयोग करणाऱ्या प्रोग्राममधून दाखवाव्यात. व्हीएलसीमध्ये तशी सोय आहे. मंडल आहे, पण प्रोग्राम त्याला हाकच मारत नाही, असेही घडते.

हे सारे खरे आहे की नाही, ते तुम्ही स्वतः मोजू शकता. शाळेच्या वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, तो पाहिला आहे? मीटरच्या पाटीवर, एका युनिटला किती लुकलुकी, ते छापलेले असते. पुष्कळ मीटरांवर ३२०० असते. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल. त्याला ३२०० ने भागा: एक लुकलुक म्हणजे ११२५ ज्यूल. वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. तेव्हा दोन लुकलुकींत किती सेकंद गेले ते मोजा आणि ११२५ ला त्याने भागा, वॅट मिळाले.

सुटीच्या दिवशी इतर सगळे दिवे, पंखे, मोटार बंद करून एकच संगणक चालू ठेवा. इन्व्हर्टरही भिंतीपासून सोडवा. नाही तर तो मुकाट्याने बॅटरी भरत राहील आणि तुमचा हिशोब बिघडवील (आमचा पहिला अर्धा तास असाच वाया गेला). लुकलुकीत ४५ सेकंदांचे अंतर आले, तर २५ वॅट. चित्रफीत लावल्यावर अंतर ३० सेकंदांवर आले, तर साडेसदतीस वॅट. एकाऐवजी सलग दहा अंतरे मोजून सरासरी घ्यावी. मीटरला किंवा तारांना हात लावायचा नाही. नुसते पाहायचे आहे.

आमच्या नोंदी मी इथे मुद्दाम देत नाही. प्रत्येक डब्यातली तबकडी आणि वीजपुरवठ्याची पेटी निराळी असते, आणि तुमच्या शाळेतला आकडा तुमचाच असला पाहिजे. एक निरीक्षण तेवढे सांगतो, कारण ते कुठेही पडताळता येईल. एकाच जातीचे दोन संगणक शेजारी होते. एकात '४५० वॅट' लिहिलेली नेहमीची पेटी, दुसऱ्याला लॅपटॉपसारखा लहान ॲडॅप्टर. मुलांनी पैज लावली की पेटीवाला ४५० वॅट खाणार. तसे होत नाही. ४५० ही पेटीची कमाल मर्यादा आहे. पण मोठी पेटी अगदी हलक्या ओझ्यावर वाईट चालते. संगणकाला आत १५ वॅट हवेत आणि पेटीची कार्यक्षमता ६० टक्के असली, तर भिंतीतून २५ वॅट जातात. ॲडॅप्टरची कार्यक्षमता ८५ टक्के असली, तर सुमारे साडेसतरा. प्रोसेसर बदलून जेवढे वाचले नसते, तेवढे या पेटीने वाचते.

आणखी एक गोष्ट मुलांना फार आवडली. तुम्ही सेकंदाला दोन अक्षरे टंकलिखित करता असे धरा. जे१९०० चे ठोके सेकंदाला २०० कोटी. म्हणजे तुमच्या दोन बोटांच्या मध्ये त्याचे शंभर कोटी ठोके जातात, आणि त्यांतले बहुतेक तो नुसती वाट पाहत घालवतो. शाळेतला संगणक तासातला बराच वेळ असा रिकामाच असतो. मग त्याचा रिकामेपणीचा खर्च हाच त्याचा मुख्य खर्च ठरतो. एखादा मोठा प्रोसेसर ४५ वॅट घेऊन एक काम २० सेकंदांत उरकतो: ९०० ज्यूल. लहान प्रोसेसर १८ वॅट घेऊन तेच काम ६० सेकंदांत करतो: १०८० ज्यूल. मोठा जिंकला? पण मिनिटातले उरलेले ४० सेकंद मोठा संगणक २२ वॅटवर बसून राहिला, तर आणखी ८८० ज्यूल गेले, एकूण १,७८०. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. मोठा संगणक रिकामा असताना १० वॅटांच्याही खाली जात नसेल का? काही नवे जातात. म्हणूनच मोजल्याशिवाय बोलू नये.

आता बॅटरीचा हिशोब. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास म्हणजे १८०० वॅट-तास. बॅटरी पूर्ण रिकामी केली तर ती लवकर मरते; साठ टक्केच वापरू. इन्व्हर्टरमध्ये काही जाते. कार्यक्षमता ८० टक्के धरू. हाती उरले ८६४ वॅट-तास, तेही बॅटरी नवी असताना. पेंटियमचा संगणक ८० वॅट आणि पडदा १५ वॅट धरला, तर दहांचे ९५० वॅट. जेमतेम पाऊण तास ते पंचावन्न मिनिटे. शिवाय एवढा प्रवाह एकदम ओढला की बॅटरी आपली छापील धारणाही पुरी देत नाही, आणि घरगुती इन्व्हर्टर तर एवढ्या ओझ्याने बंदच पडतो. त्या मुलीचा अर्ज गेला तो असा. संगणक २० आणि पडदा १५ धरला, तर दहांचे ३५० वॅट. जवळजवळ अडीच तास. जाता जाता पाहा, इथे पडद्याचा खर्च प्रोसेसरच्या बरोबरीला येऊन बसला आहे. पडद्याचा उजेड थोडा कमी करणे, हा सर्वांत स्वस्त उपाय. त्याला स्क्रू-ड्रायव्हरही लागत नाही.

निवड अशी झाली. आठ संगणक जे१९०० चे घेतले, दोन्ही खाचांत पट्ट्या भरून. दोन ॲथलॉनचे, त्यांतला एक प्रोजेक्टरला जोडला, कारण स्टेलेरियममध्ये फिरते आकाश आणि जिओजेब्रात त्रिमितीय आकृती दाखवताना बलवान चित्रभागाचा फायदा दिसतो. ॲथलॉनचा आणखी एक गुण: तो खाचेत बसवलेला असतो, म्हणून पाटी बिघडली तर प्रोसेसर काढून दुसऱ्या पाटीवर लावता येतो. जे१९०० पाटीला कायमचा डाखलेला असतो. पाटी गेली की तोही गेला. ई-३५० चे मी नाकारले असे नव्हे, पण जे१९०० पुरेसे असताना त्यांची गरज उरली नाही. डी५१० चा एक ग्रंथालयात पुस्तकांची यादी करायला दिला. अक्षरे लिहायला तो आजही उत्तम आहे.

एक अडचण उरली होती. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ साठी ठरवलेल्या प्रोसेसरांच्या यादीत या चारांपैकी एकही नाही. तेव्हा सर्व संगणकांवर लिनक्स बसवले. सी-डॅकने डेबियनवरून तयार केलेली बॉस ही प्रणाली भारतीय भाषांसाठीच आहे. आम्ही मूळ डेबियन घेतले, कारण सरांना त्याची सवय होती. फिरत्या तबकड्यांच्या जागी दहापैकी चार संगणकांत न फिरणाऱ्या एसएसडी बसवता आल्या. पैसे तेवढेच होते. उरलेले सहा चालू व्हायला वेळ घेतात, आणि मुलांनी त्यांना 'म्हातारे' असे नाव ठेवले आहे.

तुमच्यासाठी एक उदाहरण. एका शाळेच्या मीटरवर एका युनिटला १६०० लुकलुकी आहेत. एकच संगणक चालू असताना दोन लुकलुकींत ९० सेकंद गेले; पडदा बंद केल्यावर १५० सेकंद. संगणक किती वॅट घेतो आणि पडदा किती? असे दहा संगणक पडद्यांसह वर सांगितलेल्या बॅटरीवर किती वेळ चालतील? आणि पडद्यांचा उजेड कमी करून प्रत्येकी ४ वॅट वाचवले, तर मुलांना किती मिनिटे जास्त मिळतील?